पट्ट्यांची वाकळ आणि तिचा हिशेब

कोल्हापूरच्या मुलखात वाकळ नाही असे घर सापडणे कठीण. कुठे तिला गोधडी म्हणतात. आपण वाकळ म्हणतो. आज बाजारात यंत्रावर विणलेली मऊ ब्लँकेटे मिळतात, सोलापुरी चादर मिळते. तरीही गगनबावड्याचा पाऊस लागला किंवा पौषातली थंडी पडली, की म्हातारे माणूस काय म्हणते? "माझी वाकळ दे गं इकडं." नवरात्राच्या आधी घर झाडून-सारवून झाले, की नदीकाठाला आणि विहिरीवर वाकळा धुऊन वाळत टाकलेल्या दिसतात. घरात किती माणसे निजतात, हे त्या ओळीवरून समजते.

पूर्वी वाकळ जुन्या लुगड्याची आणि धोतराची होई. आजीचे नऊवारी लुगडे विरले, आजोबांचे धोतर फाटले, की त्यांचे थर घालून वाकळ शिवायची. आता घरोघर नऊवारी लुगडी कमी झाली. धोतरेही कमी झाली. पण एक गोष्ट वाढली. ती म्हणजे कातरण. गावच्या शिंप्याच्या दुकानात बघा. झंपर, परकर, शर्ट, शाळेचे गणवेश शिवून उरलेल्या लांबट पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. रोज तो झाडून टाकतात, नाही तर जाळतात. या पट्ट्यांचीही चांगली वाकळ होते.

या पाठात दोन गोष्टी शिकायच्या आहेत. पहिली, पट्ट्यांची वाकळ शिवायची कशी. दुसरी, तिचा हिशेब मांडायचा कसा. पहिली गोष्ट आमच्यापेक्षा आमच्या वाचक भगिनींनाच जास्त येते. दुसरी मात्र फार थोड्या जणी करतात. म्हणून हा पाठ.

१. चिंधीची लाज नको

काही माणसांना वाटते, चिंध्या गोळा करणे कमीपणाचे आहे. तसे मुळीच नाही.

द्रौपदीची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कृष्णाचे बोट कापले, तेव्हा तिने आपल्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधली. त्या चिंधीची आठवण देवाने ठेवली, असे लोक सांगतात.

संत गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे जन्मले आणि १९५६ साली वारले. ते अंगावर चिंध्या जोडलेले कपडे घालीत. म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा असेही म्हणत. त्या चिंध्यांनी त्यांचा मान कमी झाला नाही.

त्याहून जुनी गोष्ट भगवान बुद्धांची. भिक्षूंचे चीवर, म्हणजे अंगावरचे वस्त्र, तुकडे जोडून शिवीत. बौद्धांच्या ग्रंथात असे सांगितले आहे, की मगध देशातली भाताची शेते आणि त्यांचे बांध बघून बुद्धांनी आनंद नावाच्या शिष्याला तशा नमुन्याचे चीवर करायला सांगितले. शेताला जसे बांध, तशी चीवराला शिवण.

तेव्हा तुकडा जोडण्यात लाज नाही. लाज असेल तर ती चांगले कापड जाळण्यात आहे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली, आणि आपल्या शेजारी कर्नाटकात कौदी, अशी नावे निराळी, पण काम तेच. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ आणि यल्लापूर या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका फार सुरेख कौदी शिवतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात.

२. कापड निवडावे कसे

आधी पट्ट्यांचे दोन ढीग करा. सुती कापड एकीकडे. नायलॉन, पॉलिस्टर असले कापड दुसरीकडे.

ओळखायचे कसे? कापडाचा एक धागा ओढून घ्या. तो चिमट्यात धरून जाळून बघा. खाली पाण्याची ताटली ठेवा आणि मुलांना लांब ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. दोन्ही मिसळलेले कापड असेल तर थोडी राख, थोडी गोळी.

हा फरक का बघायचा? सुती कापड घाम शोषते. पॉलिस्टर शोषत नाही, अंगाला चिकट लागते. शिवाय वाकळ घेऊन माणसे चुलीजवळ, शेकोटीजवळ बसतात. ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते आणि भाजते. म्हणून अंगावर घ्यायच्या वाकळेला सुती पट्ट्याच वापराव्यात. दुसऱ्या ढिगाचे पायपुसणे करा, बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर टाकायचे आसन करा.

त्यानंतर सुती पट्ट्या गरम पाण्यात भिजवून धुवा. याची दोन कारणे आहेत. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न धुता शिवले, तर वाकळ धुतल्यावर एक पट्टी आटेल, दुसरी आटणार नाही आणि सगळी वाकळ आवळेल. दुसरे कारण रंगाचे. लाल, निळी, काळी पट्टी ओली असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडक्याला डाग पडला तर ती पट्टी वेगळी काढा. ती पुन्हा धुवा. तरी रंग सुटत असेल, तर तिचा मोह सोडा.

३. पट्टी ताणते का, ते समजून घ्या

इचलकरंजीकडच्या वाचकांना हे सांगायला नको. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि आज गल्लीगल्लीत मागाचा खडखडाट ऐकू येतो. मागावर एक उभा धागा असतो, एक आडवा. त्यालाच ताणा-बाणा म्हणतात.

कापड उभ्या धाग्याच्या दिशेने ओढून बघा. ते फारसे ताणत नाही. आडवे ओढा, थोडे ताणते. आता कोपऱ्यातून तिरके ओढा. एकदम रबरासारखे ताणते. शिंप्याकडची पट्टी कशीही कातरलेली असते. कधी सरळ, कधी तिरकी. तिरकी पट्टी नुसती शिवली, तर ती लांबते आणि वाकळ वेडीवाकडी होते.

यावर उपाय सोपा आहे. पट्टी पट्टीला नुसती जोडायची नाही. खाली जुन्या धोतराचा किंवा चादरीचा चौकोन घ्यायचा आणि त्यावर पट्ट्या शिवायच्या. खालचा चौकोन पट्टीला धरून ठेवतो, तिला ताणू देत नाही.

१९३० नंतरच्या काळात अमेरिकेत मोठी मंदी आली होती. कामे बंद पडली, लोकांजवळ पैसा राहिला नाही. तेव्हा तिथल्या बायकाही अशाच बारीक पट्ट्यांच्या वाकळा शिवीत. कापड नसेल तर त्या खाली जुन्या वर्तमानपत्राचा कागद घेत आणि शिवून झाल्यावर कागद फाडून काढीत. आपण कापडच घेऊ. कापड आतच राहते, त्यामुळे वरचा थर दुपदरी होतो आणि ऊबही वाढते.

४. माप

टेप नसला तरी अडत नाही. आपला हात आपल्याजवळ आहे. जुने माप आठवा.

बारा बोटे म्हणजे एक वीत.
दोन विती म्हणजे एक हात.

बोट म्हणजे बोटाची रुंदी. मात्र सगळी वाकळ एकाच बाईच्या हाताने मोजावी. सासूच्या वितीत आणि सुनेच्या वितीत फरक पडतो. किंवा एक काठी मापून तिच्यावर खुणा कराव्यात. ती काठी सगळ्यांनी वापरावी.

आपली वाकळ चार हात लांब आणि तीन हात रुंद करायची आहे. म्हणजे आठ विती लांब आणि सहा विती रुंद. एकेक चौकोन एका वितीचा धरला, तर चौकोन किती लागतील?

८ × ६ = ४८

अठ्ठेचाळीस चौकोन लागतील. शिवणीत प्रत्येक बाजूने अर्धे बोट जाते. अर्धे बोट म्हणजे मोठ्या हरभऱ्याएवढे. दोन्ही बाजूंचे मिळून एक बोट. म्हणून खालचे कापड वीत अधिक एक बोट, म्हणजे तेरा बोटे लांब आणि तेरा बोटे रुंद कापावे.

आता पट्टीचे माप. पट्टीच्या दोन्ही कडांना अर्धे-अर्धे बोट शिवणीत जाते. दोन बोटांची पट्टी घेतली, तर वर एकच बोट दिसते. अर्धी पट्टी आत गेली! चार बोटांची पट्टी घेतली, तर वर तीन बोटे दिसतात. म्हणून दोन बोटांहून अरुंद पट्टी घेऊ नये. रुंद पट्टीत कापड वाचते आणि कामही वाचते. हे ध्यानात ठेवा, पुढे हिशेबात लागेल.

५. चौकोन शिवणे

(१) खालचा चौकोन समोर ठेवा. पहिली पट्टी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवा. चांगली बाजू वर.

(२) दुसरी पट्टी पहिलीवर पालथी ठेवा. म्हणजे दोघींच्या चांगल्या बाजू समोरासमोर आल्या पाहिजेत. एका बाजूच्या कडा जुळवा.

(३) कडेपासून अर्धे बोट आत शिवण घाला. शिवण दोन्ही पट्ट्यांतून आणि खालच्या कापडातून गेली पाहिजे.

(४) दुसरी पट्टी उलटून सरळ करा. नखाने दाबून घडी बसवा. इस्त्री असेल तर उत्तमच.

(५) तिसरी पट्टी दुसरीवर अशीच पालथी ठेवून शिवा. एक कोपरा भरला, की पहिल्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूने सुरू करा आणि तो कोपराही भरा.

(६) चौकोन उलटा करा. खालच्या कापडाच्या कडेने, बाहेर आलेल्या पट्ट्या सरळ कातरून टाका. झाला चौकोन.

तीन बोटांच्या पट्ट्या घेतल्या, तर एका चौकोनाला सुमारे नऊ पट्ट्या लागतात. अठ्ठेचाळीस चौकोनांना ४३२. चार बोटांच्या घेतल्या, तर एका चौकोनाला सहाच लागतात. सगळ्या मिळून २८८. बघा किती फरक पडला!

एक युक्ती सांगतो. प्रत्येक चौकोनाची मधली तिरकी पट्टी एकाच रंगाची घ्यावी. समजा लाल घेतली. बाकीच्या पट्ट्या मिळतील त्या रंगाच्या असू द्या. मग चार चौकोन असे जुळवावेत, की लाल पट्ट्यांची शंकरपाळी होईल. अठ्ठेचाळीस चौकोनांत अशा बारा शंकरपाळ्या होतात. कातरण पन्नास तऱ्हेचे असले, तरी वाकळ नीटनेटकी दिसते.

६. जोडणी आणि दोरा

आधी चौकोनांच्या रांगा जोडा. एका रांगेत सहा चौकोन, अशा आठ रांगा. मग रांगेला रांग जोडा. वरचा थर तयार झाला.

जमीन झाडून घ्या. खाली जुने लुगडे किंवा साडी पालथी अंथरा, म्हणजे तिची चांगली बाजू जमिनीकडे. त्यावर मऊ जुने धोतर किंवा साडी अंथरा. त्यावर पट्ट्यांचा थर, चांगली बाजू वर. चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. हाताने मधून कडेकडे सारखे करीत चला, म्हणजे आत चोळामोळा राहणार नाही. मग लांब टाक्यांचा कच्चा दोरा घाला. हाही मधून बाहेर घालावा.

आता खरा दोरा. दोरा जाड आणि सुती असावा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. काही बाया उभ्या ओळी घालतात. काही कडेने सुरू करून फिरत फिरत आत येतात. दोन्ही रीती चांगल्या. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवले, तर थर जागेवर राहतात आणि धुतल्यावर गोळा होत नाहीत.

हे काम किती होते, ते मोजून बघू. वाकळेची रुंदी तीन हात, म्हणजे ७२ बोटे. दोन बोटांवर एक ओळ घातली, तर ३६ ओळी होतात. एक ओळ चार हात लांब.

३६ × ४ = १४४ हात

एकशे चव्वेचाळीस हात शिवण, तीही तीन-चार थरांतून, हाताने! वाकळ अंगावर ओढून घेताना हा आकडा कुणाच्या मनात येत नाही. तो यावा, म्हणूनच पुढचा भाग लिहिला आहे.

शेवटी खालचे लुगडे कडेने वर दुमडून शिवून टाका. कच्चा दोरा काढा. वाकळ झाली.

७. हिशेब

घरच्यासाठी वाकळ शिवली, तर तिचे मोल ऊब हेच. पण आता शहरातले लोक हाताच्या वाकळा विकत घेतात. व्यापारी गावात येतात, बायांकडून वाकळा शिवून घेतात आणि शहरात विकतात. इथे हिशेब लागतो.

व्यापारी म्हणतो, "चिंध्या तर फुकटच्या! दुपारी रिकाम्या बसता, तेव्हा शिवायचं." ऐकायला बरोबर वाटते. पण बरोबर आहे का? त्याच दुपारी ती बाई दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेली असती, तर तिला मजुरी मिळाली असती. तिथे कुणी म्हणत नाही, की गवत फुकटचे आहे, म्हणून मजुरी कशाला. चिंधी फुकट असेल, पण श्रम फुकट नाहीत.

चला, पाटी घ्या. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या गावात जो भाव असेल तो तुम्ही घाला.

सामान:
दोरा — १०० रुपये
शिंप्याचे कातरण आणि साबण — ५० रुपये
जुनी साडी आणि धोतर — १०० रुपये
एकूण सामान — २५० रुपये

साडी आणि धोतर घरचेच आहे. तरी त्याची किंमत धरावी, कारण ते वाकळेत गेले म्हणजे घरातून गेले.

वेळ:
४८ चौकोन, मशीनवर प्रत्येकी अर्धा तास — २४ तास
चौकोन जोडणे — ६ तास
१४४ हात दोरा घालणे — ३० तास
एकूण — ६० तास

दिवसाचे आठ तास धरले, तर ६० तासांचे साडेसात दिवस झाले. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरू.

साडेसात दिवस × ३०० = २,२५० रुपये
सामान = २५० रुपये
वाकळेची एकूण किंमत = २,५०० रुपये

आता समजा, व्यापारी वाकळेला ८०० रुपये देतो. हातात आठशे रुपये आले, की बरे वाटते. पण त्यातले २५० सामानाचे गेले. राहिले ५५०. ते साडेसात दिवसांत वाटा. दिवसाला सुमारे ७३ रुपये पडले. आठ तास सुई चालवायची, डोळे ताणायचे, पाठ दुखवायची, आणि मिळवायचे त्र्याहत्तर रुपये! दात कोरून पोट भरत नाही, असे आपण म्हणतो. ते हेच.

काही जणी म्हणतील, "अहो गुरुजी, अडीच हजार कोण देतंय?" प्रश्न खरा आहे. आकडा माहीत असणे आणि तो हातात पडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण आकडा माहीत असला, की विचार करता येतो. भाव वाढवून मागता येतो. चार बोटांच्या पट्ट्या घेऊन वेळ कमी करता येतो. नाही तर दोन हात लांब आणि दोन हात रुंद अशी लहान वाकळ करता येते. तिला १६ चौकोन लागतात, म्हणजे मोठीच्या तिसरा हिस्सा. ती लवकर होते आणि लवकर विकते. तान्ह्या बाळासाठी कुणी घेतली, तर ती बाळाच्या तोंडावर येऊ देऊ नये, एवढे त्यांना आवर्जून सांगावे. आणि काहीच जमले नाही, तर विकायची नाही असेही ठरवता येते. घरात वाकळ राहिली, तर ती कुणाची तरी थंडी काढतेच. ज्याला आकडा ठाऊक नाही, त्याला यातले काहीच ठरवता येत नाही. त्याचे दुसराच कुणीतरी ठरवतो.

८. अंगठा आणि आकडा

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत असत. वय पन्नाशीच्या पुढे. त्या एका व्यापाऱ्याला वाकळा शिवून देत. व्यापारी आपल्या वहीत वाकळांचा आकडा लिही आणि खाली त्यांचा अंगठा घेई. पैसे महिन्याने मिळत. कमी वाटले, तरी वहीत लिहिलेले खोटे कसे म्हणायचे?

वर्गात अक्षरांच्या आधी आकडे झाले. पुढच्या महिन्यात बाई हिशेबाला गेल्या. अंगठ्याची शाई पुढे आली. त्यांनी वही आपल्याकडे वळवली आणि नुसते बोट ठेवून विचारले, "पाचाचा आकडा असा न्हाई वळत. ह्यो तीन हाय नव्हं? मी तर पाच वाकळा दिल्या." व्यापारी म्हणाला, घाईत चुकून पडला असेल. त्याने तीन खोडून पाच केले आणि पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आता सही शिकवा. अंगठा बास झाला."

तेव्हापासून त्या स्वतःची वही ठेवतात. वहीत पाच रकाने आहेत. तारीख. किती वाकळा दिल्या. माप काय. ठरलेले पैसे. मिळालेले पैसे. घेणाऱ्याची सही त्याच वहीत घेतात. एवढी वही तुम्हीही ठेवू शकता. तिला मोठे शिक्षण लागत नाही. एक ते शंभर आकडे आणि आपले नाव, इतके पुरे.

९. एकीने काय होते

एकटी बाई भाव ठरवू शकत नाही, हे खरे. मग काय करावे? यासाठी आपल्याच जिल्ह्यातला दाखला घेऊ.

दूध घरोघर होते. पण एकट्या शेतकऱ्याचे दोन लिटर दूध घेऊन तो कुठे जाणार? गवळी देईल तो भाव. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. त्यालाच आपण गोकुळ म्हणतो. गावोगावच्या डेअरीत दूध मापले जाऊ लागले, फॅट तपासले जाऊ लागले आणि त्यावर भाव ठरू लागला. दोन लिटरवाल्याचेही माप कागदावर आले. दूध तेच, म्हैस तीच. फरक पडला तो एकत्र येण्याने आणि लिहून ठेवण्याने.

वाकळेच्या कामातही असे घडले आहे. त्याची गोष्ट दूरच्या देशातली आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले कृष्णवर्णीय लोक पूर्वीच्या गुलामांचे वंशज. शेतावर राबणारे, गरीब. त्यांच्या बायका फाटक्या विजारींच्या आणि शर्टांच्या पट्ट्या जोडून वाकळा शिवीत. हेतू एकच, लेकरांना थंडी वाजू नये. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी एकत्र येऊन वाकळांची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ साली जीज बेंडच्या वाकळा ह्यूस्टन शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. फाटक्या विजारीची वाकळ टपालाच्या तिकिटावर गेली!

पण गोष्ट इथे संपत नाही. २००७ साली त्यांतल्याच काही बायकांनी कोर्टात दावे लावले. आमच्या कामाचा योग्य पैसा आम्हाला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते दावे पुढे मिटले. यातून आपण काय घ्यायचे? नाव झाले म्हणजे पैसा मिळतोच असे नाही. कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. हिशेब आपला आपणच ठेवावा लागतो.

तुमच्या गावात बचत गट असेल. दहा जणींनी बसून एक वाकळ शिवावी. तास मोजावेत. किंमत काढावी. सगळ्यांनी मिळून एकच भाव सांगावा. दहा जणींनी एक भाव सांगितला, की व्यापाऱ्यालाही विचार करावा लागतो.

वाचकहो, तुमच्या हातात सुई होतीच. आता पेन्सिलही आली आहे. वाकळ शिवताना एक सवय लावून घ्या. शेवटच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आपले नाव आणि साल टाका. अक्षर वाकडे आले तरी चालेल. ही वाकळ कुणाच्या कष्टाची, हे ज्याच्या अंगावर ती जाईल त्याला कळले पाहिजे.

अभ्यास

१. सुती धागा आणि पॉलिस्टरचा धागा जाळला, तर काय फरक दिसतो?

२. पट्ट्या शिवण्याआधी धुवाव्यात असे का सांगितले आहे? दोन कारणे लिहा.

३. पाच विती लांब आणि चार विती रुंद वाकळ करायची आहे. एका वितीचे किती चौकोन लागतील?

४. तीन बोटांची पट्टी शिवल्यावर वर किती बोटे दिसते?

५. एका वाकळेला सामान ३०० रुपयांचे लागले आणि सहा दिवस काम झाले. तुमच्या गावातली दिवसाची मजुरी धरून वाकळेची किंमत काढा.

६. पाच रकान्यांची वही आखा. रकान्यांना नावे द्या. पहिल्या ओळीत आजची तारीख लिहा.

७. घरातली सर्वांत जुनी वाकळ उघडून बघा. तिच्यात कुणाकुणाचे कपडे आहेत, ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि चार ओळी लिहा.